आधी स्पीड, मग लाईन: पटिंगवरचे तुमचे प्रश्न

कॉम्प्युटर गोल्फवर यावेळी आलेले जवळपास सगळे प्रश्न एकाच जागी येऊन अडकलेत, ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर. ड्राइव्ह (पहिला लांबचा फटका) मस्त, अप्रोच (बॉल ग्रीनवर आणणारा फटका) फ्लॅगच्या बाजूला, आणि मग तीन पट, म्हणजे ग्रीनवर बॉल घरंगळवत मारायचे फटके. म्हणून म्हटलं हा भाग फक्त पटिंगलाच देऊन टाकू. एक गोष्ट आधीच सांगतो, खाली जे आकडे आहेत ते बॉल खऱ्या ग्रीनवर जसा घरंगळतो त्या हिशेबाने काढलेत, सिम्युलेशन टाईप गेममध्ये ते बऱ्यापैकी लागू पडतात, कार्टून टाईप गेममध्ये आकडा इकडेतिकडे होईल पण कल तोच राहील.

प्रश्न: दादा, गेम २० फूट दाखवतो, मी बरोब्बर २० ची पॉवर देतो, तरी बॉल कधी चार फूट आधीच थांबतो तर कधी पाच फूट पुढे जातो. मीटर खराब आहे का माझा? (एक वैतागलेला तीन-पटवाला)

पॉवरचा मीटर ठीक आहे रे. तू जे २० बघतोयस ते नुसतं अंतर आहे. त्याच्याच आसपास अजून एक आकडा असतो, वर किंवा खाली बाण आणि पुढे काही इंच किंवा सेंटिमीटर. म्हणजे होल तुझ्या बॉलपेक्षा किती उंच किंवा खाली आहे ते. बहुतेक जण तो बघतच नाहीत आणि खरा पट तिथेच असतो.

ढोबळ हिशेब असा की होल जितके इंच वर तितके फूट जास्त मारायचे, जितके इंच खाली तितके फूट कमी. २० फुटांचा पट आणि होल ४ इंच वर, तर २४ चा मार. ४ इंच खाली, तर १६ चा. जुने खेळाडू हा नियम तोंडपाठ सांगतात, आणि तो काही हवेतून आलेला नाही, मध्यम स्पीडच्या ग्रीनवर फिजिक्सने पण हेच उत्तर येतं. कारण बॉलला वर चढवायला जी जास्तीची ताकद लागते ती फक्त उंचीवर ठरते, लांबीवर नाही. १० फुटांत ४ इंच चढला काय आणि ४० फुटांत ४ इंच चढला काय, वरचे चार फूट तेवढेच. इथे खूप जण टक्क्यांत विचार करतात, म्हणजे चढ आहे तर २० टक्के जास्त मारू वगैरे, आणि मग लांबच्या पटला फार जोरात आणि जवळच्याला फार हळू मारून बसतात.

ग्रीन जितकं फास्ट तितका हा आकडा वाढतो. स्लो ग्रीनवर इंचाला पाऊण फुटाच्या थोडं वर धर, मध्यमवर एक, एकदम फास्टवर सव्वा. अंतर फुटांऐवजी मीटरमध्ये मोजत असशील तर होल १० सेंटिमीटर वर म्हणजे मध्यम ग्रीनवर सव्वा मीटर जास्त.

एक अडचण मात्र आहे. उंचीचा आकडा फक्त सुरुवात आणि शेवट बघतो, मधे काय आहे ते नाही. समज ३० फुटांचा पट आहे, बॉल आणि होल एकाच उंचीवर, म्हणजे गेम म्हणतो शून्य. पण मधे उंचवटा आहे, ५ इंचांचा. तो २० फुटांवर असेल तर काळजी नाही, माथ्यापर्यंत पोचायला २० अधिक ५ म्हणजे २५ लागतात आणि तू ३० चा मार देतोयस. पण तोच उंचवटा होलच्या अगदी अलीकडे २७ फुटांवर असेल तर माथ्यावर पोचायलाच ३२ लागतात, ३० मारलेस तर बॉल माथ्याच्या आधी थांबणार आणि नशीब खराब असेल तर मागे फिरून तुझ्याकडेच येणार. अशा वेळी ३२ च्या जरा वर मारायचं आणि तो होलच्या पुढे थोडा जाणार हे मान्य करायचं, दुसरा इलाज नाही.

प्रश्न: ग्रीन स्पीड ११ लिहिलेलं असतं. ११ काय? किलोमीटर?

फूट. स्टिम्पमीटर नावाची एक साधी पट्टी असते, ३६ इंच लांब, वरच्या बाजूला एक खाच. खाचेत बॉल ठेवून पट्टी हळूहळू उचलायची, साधारण २० अंशांवर आली की बॉल आपणहून सुटतो, खाली उतरून ग्रीनवर घरंगळतो, जितके फूट गेला तितका त्या ग्रीनचा स्पीड. पट्टीवरून सुटताना बॉलचा वेग दरवेळी सारखाच असतो, सेकंदाला सुमारे ६ फूट, म्हणून तुलना करता येते. एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या हौशी गोल्फरने १९३५ ची ओकमाँटची यूएस ओपन बघताना जीन साराझेनसारख्या खेळाडूचा पट ग्रीनच्या बाहेर गेलेला पाहिला आणि त्याला वाटलं ही ग्रीन्स जरा अतीच फास्ट आहेत, पण ते सिद्ध कसं करणार, म्हणून ही पट्टी. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने ती सुधारून वापरायला घेतली ते थेट १९७६ मध्ये.

रोजच्या कोर्सवर ८-९ असतं, मोठ्या स्पर्धांत १० ते १३. तुमच्या गेममध्ये आकडा नसून नुसतं स्लो, मीडियम, फास्ट असेल तर प्रॅक्टिस ग्रीनवर सपाट जागा शोधा, एकच पॉवर ठेवून प्रत्येक सेटिंगवर मारा आणि किती जातो त्याची तुलना करा. आणि हो, ग्रीनचा कडकपणा ही वेगळी सेटिंग असते, त्याने अप्रोचचा बॉल किती उसळेल ते ठरतं, पटशी त्याचा संबंध नाही. काही जण फर्म ग्रीन बघून पट हळू मारतात, उगाच.

प्रश्न: सर, तोच पट दोनदा खेळलो, अगदी त्याच ठिकाणी एम (नेम) धरून. एकदा होलच्या खालच्या बाजूने गेला, एकदा वरच्या बाजूने. ग्रिड (ग्रीनवरचं उतार दाखवणारं जाळं) तर बदललं नव्हतं. मग ब्रेक नक्की किती धरायचा?

या सगळ्या पत्रांतला मला सगळ्यात आवडलेला प्रश्न, कारण उत्तर यातच दडलंय. ब्रेक, म्हणजे उतारामुळे बॉल जितका बाजूला वळतो ते, हा ग्रीनवर छापलेला आकडा नाही. तुम्ही किती जोरात मारणार ते ठरल्याशिवाय ब्रेकच ठरत नाही.

आकड्यांत बघा. १० फुटांचा पट, ग्रीन स्पीड १०, उतार आडवा, २ टक्के म्हणजे १० फुटांत साधारण अडीच इंचाचा. बॉल होलच्या तोंडाशी येऊन जेमतेम टपकेल इतकाच मारला तर सुमारे १५ इंच बाजूला एम धरावा लागतो. होल चुकला तर २ फूट पुढे जाईल असा मारला तर तोच ब्रेक १० इंचांवर येतो. ४ फूट पुढे जाईल असा ठोकला तर आठच्याही आत. होल सव्वाचार इंच रुंद असतो, म्हणजे एकाच पटला साडेतीन होल बाजूला पण बरोबर आणि दोन होलपेक्षा कमी पण बरोबर. तुम्ही दोन्ही वेळा एकाच ठिकाणी एम धरलात पण पॉवरमध्ये थोडा फरक पडला असणार, म्हणून एकदा वर आणि एकदा खाली.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी किती पुढे जाणारा पट मारायचा ते ठरवा, मग त्या स्पीडचा ब्रेक वाचा, एम लावा, आणि एकदा एम लावला की पॉवर बदलू नका. शेवटच्या क्षणी "जरा जोरात मारू" असं वाटून मारलेला पट वरच्या बाजूने जातो, "नको, हळूच" म्हणून मारलेला खालून. लाईन, म्हणजे बॉलचा मार्ग, वाचण्यात चूक नसतेच, लाईन एका स्पीडची आणि मार दुसऱ्या स्पीडचा असतो.

मग पुढे किती जाणारा चांगला? डेव्ह पेल्झ हा शॉर्ट गेमचा नावाजलेला प्रशिक्षक, त्याने १७ इंच पुढे असा आकडा काढला होता. खऱ्या ग्रीनवर होलभोवती पायांच्या ठशांमुळे गवत असमान होतं आणि फार हळू येणारा बॉल तिथे भरकटतो, त्यामुळे थोडा जोर लागतो. बहुतेक गेममध्ये ते ठसे नसतात म्हणून मी गेममध्ये थोडं कमी, फूटभर पुढे असा मारतो. फार जोरात मारण्याचा तोटा वेगळाच, होल लहान होतो. ब्रायन होम्स या भौतिकशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये हिशेब मांडला की बॉल अगदी होलच्या मध्यातून आला तरी सेकंदाला १.६३ मीटरपेक्षा वेगात असेल तर होल ओलांडून जातो. मध्यातून न येता कडेने आला तर त्याच्या खूप आधीच लिप-आऊट, म्हणजे कडेला घासून बाहेर. गेममध्ये बॉल होलला गोल फिरून बाहेर आला की लोक गेमला शिव्या घालतात, पण बहुतेक वेळा स्पीड जास्त असतो.

प्रश्न: ग्रिडवरचे ते हलणारे ठिपके वाचायचे कसे? सगळीकडे काहीतरी हलतंय, डोकं गरगरतं. त्यात डबल ब्रेक असला की मी सरळ होलकडे एम धरून डोळे मिटतो.

सगळं ग्रिड वाचूच नका. बॉलपासून होलपर्यंत तुमच्या लाईनच्या दोन्ही बाजूंना एकेक चौकोन, तेवढंच बघा, बाकी ग्रीन कुठेही कलो. ठिपके ज्या बाजूला सरकतात ती खालची बाजू, आणि जितक्या जोरात सरकतात तितका उतार तीव्र. काही गेममध्ये जोडीला रंग असतात, पण ते बहुतेक उंची दाखवतात, उतार नाही, हे आधी एकदा तपासा. एकाच रंगाच्या पट्ट्याच्या लांबीने बॉल जात असेल तर उंची बदलत नाही आणि तरीही बाजूला ओढ असू शकते.

ठिपके तुमच्या लाईनला आडवे जातायत की लाईनच्याच दिशेने, हे वेगळं करा. लाईनच्या दिशेने जाणारे ठिपके म्हणजे पॉवरचा प्रश्न, तो उंचीच्या आकड्यात आलाच आहे. आडवे जाणारे म्हणजे ब्रेक. तिरके असतील तर थोडं हे थोडं ते.

आता डबल ब्रेक, म्हणजे बॉल आधी एकीकडे आणि मग उलट बाजूला वळतो तो. जिकडे तिकडे एक सल्ला मिळतो, पहिला अर्धा भाग सोडून द्या, बॉल शेवटी हळू असतो म्हणून फक्त होलजवळचाच उतार बघा. मला हा सल्ला पटत नाही. शेवटी बॉल जास्त वळताना दिसतो हे खरं, पण वळल्यानंतर त्याला पुढे जायला जागाच कुठे उरते? सुरुवातीला बॉल वेगात असतो, कमी वळतो, पण जो थोडासा कोन बदलला तो पुढच्या सगळ्या अंतरभर वाढत जातो. हिशेब केला तर होलपाशी जेमतेम थांबणाऱ्या पटमध्ये पहिल्या अर्ध्या भागाचा आणि दुसऱ्या अर्ध्या भागाचा वाटा जवळपास समान येतो. होल ओलांडून जाणारा फर्म पट मारत असाल तर उलट पहिल्या अर्ध्याचा वाटा जास्त.

त्यामुळे डबल ब्रेकला डोळे न मिटता लाईनचे दोन तुकडे करा. पहिल्या तुकड्यात ठिपके डावीकडे हळू, दुसऱ्यात उजवीकडे जोरात, तर उरलेला ब्रेक उजवीकडे, पण दुसरा तुकडा एकटा बघून जितका वाटला असता त्याहून कमी. दोन्ही सारखेच जोरात आणि उलट दिशांना असतील तर होय, तुमचा सरळ होलकडे एम बरोबर आहे, आणि बॉल मधे भलतीकडे जाऊन परत येताना बघायला मजा येते. अर्थात त्यासाठी डोळे उघडे हवेत.

प्रश्न: उताराचे पट माझ्याच्याने होत नाहीत. चढावर ठीक. उतारावर एकदा सुटला की बॉल ग्रीन सोडूनच जातो. कारण काय? (फास्ट ग्रीनची धास्ती घेतलेली)

कारण हे की उतार आणि चढ ही एकमेकांची उलटी बाजू नाही. स्पीड १२ च्या ग्रीनवर २ टक्के चढ किंवा उतार धर. सपाटीवर १२ फूट जाईल असा मार चढावर ९ फूट जातो, म्हणजे ३ कमी. तोच मार उतारावर १५ नाही, १७ फुटांच्या वर जातो. उताराच्या दिशेने गुरुत्वाकर्षण गवताच्या घर्षणाशी भांडतं आणि बॉलला थांबवायला उरतं ते थोडंसंच. स्पीड १२ वर उतार साडेसहा टक्क्यांच्या आसपास गेला की घर्षण हरतं आणि बॉल थांबतच नाही, तू जो ग्रीन सोडून जाणारा बॉल म्हणतेस तो बहुतेक असा.

ब्रेक पण उतारावर वाढतो आणि हे फार जणांच्या लक्षात येत नाही. मघाचा १० फुटांचा पट घे, स्पीड १०, आडवा उतार २ टक्के, होलपाशी जेमतेम थांबणारा. नुसता आडवा असेल तर १५ इंच. सोबत २ टक्के चढ असेल तर १२ इंच. सोबत २ टक्के उतार असेल तर जवळपास २१ इंच. आडवी ओढ तिन्हीत सारखी आहे, फक्त उतारावर बॉल हळू मारल्यामुळे तो जास्त वेळ रेंगाळतो आणि तितकी ओढ खात बसतो.

मग करायचं काय. एक, उतारावर पुढे जाणारा पट मारायचा नाही, होलच्या तोंडाशी टपकणाराच, आणि त्यासाठी ब्रेक वाटतो त्याहून जास्त धरायचा. उतारावरचा बॉल वरच्या बाजूने राहिला तर निदान होलच्या दिशेने ओघळत तरी येतो, खालून चुकला की गेला. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, हा प्रश्न पटरने सुटत नाही, आयर्नने, म्हणजे अप्रोच मारायच्या क्लबने सुटतो. अप्रोच मारायच्या आधी ग्रीनचा कल बघायचा, बहुतेक गेममध्ये कॅमेरा तिथपर्यंत नेता येतो, आणि बॉल होलच्या खालच्या बाजूला उतरवायचा. खालून १५ फूट चढाचा पट मी वरच्या ६ फुटांपेक्षा कधीही पसंत करेन. असं म्हटलं की मित्र हसतात, मग फास्ट ग्रीनवर स्वतः वरून मारतात आणि गप्प होतात.

प्रश्न: ३-४ फुटांचे पट. इतक्या जवळून पण ब्रेक धरायचा? मला तर लाज वाटते.

लाज कसली. ४ फूट, २ टक्के आडवा उतार, स्पीड १०, हळू मारला तर ६ इंच ब्रेक येतो, म्हणजे होलच्या कडेच्याही बाहेर एम धरावा लागेल. पण इथे जोर वापरायची मुभा आहे कारण अंतर कमी असल्याने लाईन फार चुकत नाही. २-३ फूट पुढे जाईल असा मारा, ब्रेक अडीच इंचाच्या आसपास येतो, म्हणजे एम होलच्या वरच्या कडेवर. सपाटीला आणि चढाला हेच करा. उताराला मात्र करू नका, परतीचा पट पहिल्यापेक्षा लांबचा होईल.

प्रश्न: मीटर अर्ध्यावर सोडला तर अर्धं अंतर जायला हवं ना? माझ्या गेममध्ये खूपच कमी जातो. माऊसने खेळतो.

गेमवर आहे. काहींचा मीटर अंतराचा असतो, अर्धा मीटर म्हणजे अर्धं अंतर. काहींचा मीटर वेगाचा असतो, आणि बॉल किती जाईल ते वेगाच्या वर्गावर ठरतं, म्हणून अर्ध्या मीटरला अंतर पाव. तुमचा बहुतेक दुसऱ्या प्रकारचा. सपाट जागेवर पूर्ण, पाऊण आणि अर्धा मीटर मारून बघा. पहिल्या प्रकारात पाऊण मीटरला पाऊण अंतर जाईल, दुसऱ्यात अर्ध्याच्या थोडंसं वर. एकदा कळलं की अंदाज बसतो.

असे वेगाचे मीटर असले की लांबच्या पटला छोटी चूक मोठी होते. वेग १० टक्के जास्त झाला तर अंतर २१ टक्के वाढतं, ३० फुटांच्या पटला ६ फूट पुढे. म्हणून पटरची रेंज बदलता येत असेल तर नेहमी अशी रेंज घ्या की मार मीटरच्या वरच्या भागात येईल, ३० फुटांच्या पटला ५० ची रेंज घ्या, १५० ची नको. तीन क्लिकचा मीटर, जो १९८४ च्या निन्टेंडोच्या गोल्फ गेमपासून चालत आलाय, त्याला पण हेच लागू.

माऊस किंवा स्टिक मागेपुढे करून मारायचा प्रकार असेल तर मात्र मीटर बघण्यापेक्षा ठेका महत्त्वाचा. मागे नेण्याचा वेग रोज सारखा ठेवा, माऊसची सेन्सिटिव्हिटी एकदा लावा आणि परत हात लावू नका. दोन पट चुकले की सेटिंग उघडून बसणारे लोक मला माहितीयेत, त्यांचं पटिंग कधीच सुधारत नाही कारण त्यांचा हात दर आठवड्याला नवीन माऊस शिकत असतो.

प्रश्न: ग्रिड चालू ठेवून खेळणं चीटिंग आहे का? माझा भाऊ म्हणतो खरे गोल्फर ग्रिडशिवाय खेळतात.

भावाचं अर्धं बरोबर. खरे प्रो पण बरीच वर्षं ग्रीनचे बारीक उतार छापलेली पुस्तकं खिशात घेऊन फिरायचे, बाण आणि टक्क्यांसकट. २०१९ मध्ये त्या नकाशांच्या आकारावर नियमाने मर्यादा आली आणि २०२२ पासून मोठ्या टूर्सवर अशी सविस्तर पुस्तकं बंदच झाली. आता ते डोळ्यांनी आणि पायांनी वाचतात. पण त्यांच्या पायाखाली खरी जमीन असते, उतार तळव्यांना जाणवतो. तुमच्यासमोर सपाट स्क्रीन आहे, त्यावर २ टक्के उतार नुसत्या डोळ्यांना दिसणं जवळपास अशक्य. ग्रिड तुमच्या पायांची जागा घेतं, एवढंच. भावाला सांगा, ग्रिड राहू दे, हवं तर पट प्रिव्ह्यू बंद करतो. प्रिव्ह्यू म्हणजे बॉल कसा वळेल त्याची रेघच काढून दाखवणारी मदत, ती मला स्वतःला आवडत नाही, मग खेळायला उरतं काय.

ग्रिड बंद करून खेळायचंच असेल तर कॅमेरा खाली, जमिनीला टेकेल इतका न्या आणि लाईनच्या खालच्या बाजूने बघा. वरून बघितलं की सगळं सपाट दिसतं.

प्रश्न: ८-१० फुटांवरून माझे निम्मे पट चुकतात. किती वाईट आहे हे?

वाईट? पीजीए टूरवरचे प्रो ८ फुटांवरून साधारण निम्मेच टाकतात. १० फुटांवरून निम्म्यापेक्षा कमी. टीव्हीवर फक्त पडणारे पट दाखवतात म्हणून आपला गैरसमज होतो. ३० फुटांच्या पलीकडे तर त्यांचंही लक्ष एकाच गोष्टीवर असतं, दुसरा पट सोपा राहील इतपत स्पीड. २५-३० फुटांवरून तुमचा बॉल होलपासून हातभर अंतरात थांबत असेल तर लाईनची चिंता सोडा.

प्रश्न: दादा, रोज अर्धा तास मिळतो. प्रॅक्टिस काय करू?

प्रॅक्टिस ग्रीनवर जा आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं होलकडे बघूच नकोस. सपाट जागेवर १०, २० आणि ३० फुटांचे मार आलटून पालटून मार, एकाच अंतराचे सलग नको, कारण सलग मारले की हात नुसती नक्कल करतो. बॉल थांबायच्या आधीच मनात म्हण किती फूट जाईल, मग आकडा बघ. तुझा अंदाज आणि आकडा फूटभरात यायला लागले की पुढे.

उरलेला वेळ एक उतारावरचा होल निवड आणि त्याच्याभोवती ६ फुटांवर गोल फिर, खालून सुरू कर, मग बाजूने, मग वरून. प्रत्येक जागेवरून आधी उंचीचा आकडा वाचून पॉवर ठरव, मगच एम हलव. आडव्या बाजूंना किती ब्रेक लागला ते एका कागदावर लिहून ठेव, त्या गेमच्या त्या ग्रीन स्पीडचा तो तुझा स्वतःचा तक्ता. मग ६ फुटांचा आकडा दुप्पट केला की १२ फुटांचा येतो, पण दोन्ही पट होलपाशी जेमतेम थांबणारे असतील तरच. फूटभर पुढे जाणारे मारत असशील तर १२ फुटांचा ब्रेक दुपटीपेक्षा थोडा जास्त निघेल, तेव्हा तो वेगळा मोजून लिही.